मी आले नाही, तर कुणाला कळतं?

*पहिली ते चौथीतल्या मुलांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या बाई सोलापूर महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या आहेत.*

या वेळी पत्रं जास्त आलीत आणि माझी नजर कमी झालीय, तेव्हा पाचच घेते. जूनमध्ये शाळा उघडली की पहिले पंधरा दिवस वह्या, बूट, रिक्षावाले यांचीच पत्रं असतात. पाऊस जरा स्थिरावला की खरे प्रश्न बाहेर पडतात. पोरगं शाळेत जातं, पण तिथं रमत नाही. माझी बहुतेक नोकरी शहराच्या पूर्व भागात झाली. वर्गाच्या खिडकीतून यंत्रमागांचा खडखडाट यायचा. तो थांबला की सगळा वर्ग एकदम मान वर करायचा: लाईट गेली! त्या शांततेत मुलं जेवढं ऐकायची तेवढं माझ्या तासाला कधी ऐकलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे बाईंना सगळं येतं असं कुणाला वाटायला नको.

माझी मुलगी दुसरीत आहे. शाळेच्या दिवशी रोज सकाळी पोट दुखतं म्हणते, रविवारी दुखत नाही. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. सासूबाई म्हणतात नाटकं आहेत, घरी ठेवू नकोस. मिस्टर म्हणतात दोन-चार दिवस राहू दे. मी काय करू?
– एक आई, जुळे सोलापूर

ताई, ‘नाटक’ हा शब्द आधी घरातून बाहेर काढा. तिचं पोट खरंच दुखतं. लग्नाच्या बोलणीच्या दिवशी, नाहीतर साहेबांनी बोलावलं त्या सकाळी, मोठी माणसं दोन-दोनदा संडासला जातात. त्यांना कुणी नाटकी म्हणत नाही. सोनोग्राफीत गाठ दिसते, भीती दिसत नाही. एवढं मात्र बघा: वजन कमी होतंय, रात्री झोपेतून दुखून उठतेय, ताप येतोय, वारंवार उलटी होतेय किंवा शौचाला रक्त पडतंय, यातलं काहीही असलं तर हे पान बाजूला ठेवा आणि पुन्हा डॉक्टरांकडे जा.

तसं काही नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर पंधरा दिवस रोज एक ओळ लिहा. पोट दुखलं का, त्या दिवशी शाळेत कोणते तास होते, शौचाला झाली का, डबा किती परत आला. आणि पाण्याची बाटली. बाटली भरलेली परत येते का, हे मला तुमच्या पत्रात कुठंच सापडलं नाही, आणि मला तेच सगळ्यात आधी विचारायचंय.

कारण सांगते. माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगी होती. रोज दुसऱ्या तासाला पोट धरून बसायची. मी तिला महिनाभर ‘धीट हो’ म्हणत राहिले. एक दिवस तिची बाटली उचलली तर गळ्यापर्यंत भरलेली. विचारलं तर म्हणाली, “पाणी प्यायलं की शू येते बाई, आन् तिथं दाराला कडी न्हाई.” कडी नव्हती! मुलींची मुतारी वेगळी होती, कायद्याला हवी तशी, फक्त तिच्या दाराला कडी नव्हती. मधल्या सुट्टीत मोठी मुलं दार ढकलून पळायची. मी त्याच शाळेत अकरा वर्षं होते आणि मला हे ठाऊक नव्हतं, कारण शिक्षकांची मुतारी वेगळी. संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानातून कडी घेतली, दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी ठोकली. त्या आठवड्यात पोटदुखी गेली असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण तसं झालं नाही. महिना-दीड महिना गेला. मूल पाणी पीत नाही, शौच दाबून धरतं, मग शौच कडक होते, होताना दुखतं, म्हणून ते आणखी दाबून धरतं. हा फेरा कडी लावली म्हणून एका दिवसात सुटत नाही. त्याला पाणी, भाजी, आणि सकाळी दहा मिनिटं शांत बसायला मिळणं लागतं.

यावरून आठवलं, ती उठते किती वाजता? राज्य सरकारनं 2024 मध्येच शाळांना सांगितलंय की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. तरी कितीतरी ठिकाणी बसचं आणि दोन पाळ्यांचं कारण पुढं करून साडेसातची घंटा चालूच आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते. रात्री अकराला झोपून सकाळी सहाला उठणाऱ्या मुलीचं पोट, डोकं, काहीही दुखेल. तुमची शाळा लवकर भरत असेल तर पालकसभेत विचारा. एकट्यानं विचारू नका, चौघी मिळून विचारा.

कडी असली, झोप असली, तरी दुखतंय, मग माणसं बघायची. ‘आज शाळेत काय झालं?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘काही नाही’ हेच असतं. ‘डबा कुणाशेजारी खाल्लास?’, ‘रिक्षात कुठं बसलीस?’ असं विचारा. रिक्षाचं मुद्दाम लिहितेय. शाळेतल्या त्रासांपैकी बरेच शाळेत नसतात, ते त्या रिक्षाच्या मागच्या फळीवर असतात.

आणि घरी ठेवायचं का? तुमच्या सासूबाईंचा शब्द चुकला, पण सल्ला बरोबर आहे. घरी राहिलेला एकेक दिवस उंबरठ्याची उंची वाढवतो. उशिरा जाऊ दे, अर्धा दिवस जाऊ दे, वर्गशिक्षिकेशी बोलून ठरवा, पण जाऊ दे. एखादा दिवस राहिलीच तर त्या दिवशी टीव्ही नाही, मोबाईल नाही, मऊ भात खाऊन नुसतं पडून राहायचं. शिवाय बाईंना एक विनंती करा: आल्या आल्या तिला काहीतरी काम द्या. फळ्यावर तारीख लिहिणं, खडूचा डबा काढणं, काहीही. फाटकाशी रडणाऱ्या मुलाला मागं ओढणारं घर असतं, पुढं ओढणारं काही नसतं. तारीख लिहायची असली की वर्गात तिच्यावाचून काहीतरी अडतं.

मी यंत्रमागावर कामाला आहे. घरात आम्ही तेलुगू बोलतो. मुलगा मराठी शाळेत पहिलीला घातला. चार महिने झाले, वर्गात तोंड उघडत नाही. शाळेतून सांगतात, घरी मराठीच बोला. मिसेसला मराठी बेताचं येतं, ती घरी विड्या करते. तेलुगू बंद करावी काय?
– एक वडील, अशोक चौक

नका बंद करू, दादा. मिसेस विड्या वळता वळता त्याच्याशी काय काय बोलत असतील! कोण आलं होतं, कुणाशी भांडण झालं, आजीच्या गावाला काय होतं. त्यांना मराठीतच बोलायला लावलं तर उरेल काय? ऊठ, जेव, झोप, गप. चार हुकूम. पोराला मराठी तर येणार नाहीच, वर घरातलं बोलणंही जाईल. घरी भरपूर बोलणारं मूल दुसरी भाषा लवकर उचलतं, कारण बोलण्याची चव त्याला आधीच लागलेली असते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही म्हटलंय की जमेल तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा. आपल्या गावात महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार माध्यमांच्या का आहेत, ते जुन्या लोकांना कळलं होतं. तुम्ही मराठी निवडलीत, ठीक आहे, आता मध्येच शाळा बदलू नका.

चार महिने गप्प राहणं नवलाचं नाही. नव्या भाषेत पडलेलं मूल आधी ऐकतं, साठवतं, आणि एक दिवस एकदम अख्खं वाक्य बोलून सगळ्यांना गार करतं. मात्र दोन गोष्टी तपासा. घरी तेलुगूतही तो कमीच बोलतो का? आणि पाठमोरा असताना हाक मारली तर वळतो का? यातलं काही खटकलं तर सिव्हिलला नेऊन कान तपासून घ्या.

‘घरी मराठी बोला’ हा सल्ला मीही कैक वर्षं दिलाय. सोपा असतो ना, आपल्याला काही करावं लागत नाही. माझी खोड मोडली ती अशी. नोकरीच्या सुरुवातीला एक मुलगा माझ्याकडं येऊन म्हणाला, “नीळ्ळु.” मला वाटलं निळा खडू मागतोय. दिला. त्यानं खडूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत म्हणाला, “नीळ्ळु.” मी म्हटलं हाच की रे निळा! तो रडायला लागला. शेजारच्या वर्गातल्या पोरीनं येऊन सांगितलं की बाई, त्याला पाणी पाहिजे. त्याहून गंमत खिचडीच्या वेळी. तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे. पोर ताटावर हात धरून म्हणायचं, “चालु, चालु,” आणि वाढणाऱ्या मावशींना वाटायचं, चालू ठेवा म्हणतंय. डोंगर व्हायचा ताटात. मग मावशी ओरडणार, अन्न टाकतोस! बिचारं करेल काय?

त्यानंतर मी गल्लीतल्या एका आजींकडून वीसेक शब्द शिकले. पाणी, भात, ये, बस, दुखतंय का, भिऊ नकोस. शाळेला ‘बडि’ म्हणतात तेही तेव्हाच कळलं. माझे उच्चार ऐकून मुलं खो-खो हसायची. हसू दे की, चुकलेल्या बाईला बघून त्यांना स्वतः चुकायचा धीर आला.

तुम्ही एक करा. सुट्टीच्या दिवशी माग बंद असताना पोराला कारखान्यात न्या आणि नीट दाखवा: धोटा कुठून कुठं जातो, कांडी कशी भरतात, बीम कुठं असतं, फणीतून धागे कसे निघतात. कामाला लावू नका, नुसतं दाखवा. मग वर्गशिक्षिकेला चिठ्ठी पाठवा की याला चादर कशी होते ते ठाऊक आहे, एकदा विचारून बघा. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी, उरलेलं हातवारे करून सांगेल. माझ्या वर्गात एकानं पट्टी म्हणजे धोटा करून इकडून तिकडं असा काही सोडला की तो जाऊन लागला थेट मुख्याध्यापकांच्या पायाला. त्या दिवसापासून त्या पोराचं तोंड मिटलं नाही. नंतर तेही जड गेलं, ते असो.

मी करमाळा तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेत आहे. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, पट एकवीस. उपक्रम करते, शनिवारी दप्तराविना शाळा करते, फोटो ग्रुपवर टाकते. पण मागचे पाच-सहा जण कशातच नसतात. विचारलं की खाली बघतात. केंद्रावर प्रत्येक सभेत डिसले सरांचं उदाहरण देतात. मी कुठं कमी पडतेय?
– एक शिक्षिका

तुला ‘तू’च म्हणते, माझ्या लेकीच्या वयाची असशील.

आधी डिसले सरांचं उरकू. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचा जिल्हा परिषदेचा शिक्षक 2020 मध्ये जगातला सर्वोत्तम शिक्षक ठरला, याचा आपल्या जिल्ह्याला अभिमान असायलाच हवा. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून दिली, तेही मोठंच. पण सभेत सांगतात ते फक्त पुस्तकात क्यूआर कोड टाकल्याचं. सरांनी पुस्तकातले धडे मुलांच्या घरच्या भाषेतही नेले असं त्या पुरस्काराच्या माहितीत म्हटलंय, हे कुणी सांगत नाही. वरच्या अशोक चौकातल्या दादांचं पत्र तूही वाच.

आता फोटो. फोटो टाकायची सक्ती झाल्यापासून शाळा हे लग्नाचं कार्यालय झालंय असं माझं मत आहे. सगळे कॅमेऱ्याकडं बघून हसणार. पण तू ते टाकतेसच, तर त्यांचा उपयोग करून घे. मागच्या दोन महिन्यांचे फोटो रात्री निवांत काढ आणि त्यात तुझी ती पाच-सहा मुलं शोध. दिसतील कडेला, अर्धी कापलेली, नाहीतर कुणाच्यातरी डोक्यामागं. मी तुझा वर्ग बघितलेला नाही, तरी पैजेवर सांगते. नाचात मधे कोण असतं, पाहुण्यांना फूल कोण देतं, पाटी कोण धरतं? तेच तेच चौघं. आपला हात आपोआप त्यांच्याकडं जातो, कारण ती चुकत नाहीत आणि पाहुण्यांसमोर आपली लाज राखतात.

मी याहून वाईट केलंय. सुरुवातीची सहा-सात वर्षं माझ्या वर्गात हुशारांची रांग वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी असायची. साहेब तपासणीला आले की हुशारांची रांग दाराकडून. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं, सगळे तसंच करायचे. एकदा शेवटच्या रांगेतला एक मुलगा चार दिवसांनी आला. मी सहज म्हटलं, “कुठं होतास रे चार दिवस?” तर तो माझ्याकडं बघतच राहिला आणि म्हणाला, “मी आलो नव्हतो ते तुमाला कळलं व्हय?” टोमणा नव्हता, त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. हजेरी मी रोज घेत होते गं. नाव पुकारायचं, उत्तर आलं नाही की ‘गै’ लिहायचं, पुढचं नाव. चार ‘गै’ मी माझ्याच हातानं लिहिले होते. त्या चार दिवसांत त्याच्यावाचून वर्गात काही अडलं नव्हतं, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

मग मी हजेरीपट वाचायला लागले, आपण जसं पंचांग वाचतो तसं. एक गंमत दिसली. काही मुलं दर चार-पाच दिवसांनी एक दिवस गायब. ताप नाही, सण नाही. कॅलेंडर लावून बघितलं तर तो त्यांच्या गल्लीचा पाण्याचा दिवस! सोलापूरकरांना सांगायला नको, तेव्हा नळ चार-पाच दिवसांनी यायचा आणि येईल त्या वेळी यायचा. आई विड्या द्यायला कारखान्यात, बाप पाळीवर, मग घागरी कोण भरणार? तिसरीतली मोठी बहीण. आणि पाणी भरून दहाला आली तर फाटक बंद, उशिराचा दंड म्हणून उभं राहा, म्हणून मग ती येतच नव्हती. मुख्याध्यापकांशी भांडून मी पाण्याच्या दिवसाची सवलत घेतली: उशिरा या, पण या. त्या मुली ओल्या परकरानं यायच्या, पण यायच्या. तुझ्या गावात पाण्याचा नसेल, तर ऊसतोडीचा असेल, बाजाराचा असेल. तुझा हजेरीपट तुला सांगेल.

खाली बघणाऱ्यांचं म्हणशील तर पहिली शंका डोळ्यांची घे. एकाला मी वर्षभर ‘शेजाऱ्याचं बघून लिहितो’ म्हणून बोलत होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं तेव्हा कळलं, त्याला फळाच दिसत नव्हता. शेजाऱ्याची वहीच त्याचा फळा होती. पथक वर्षातून एकदा येतं. त्या दिवशी ‘सगळी ठीक आहेत’ म्हणून पटापट सह्या घेऊ नकोस. तुझ्या सहाही जणांना स्वतः पुढं उभं कर.

दुसरं, तू किती थांबतेस? मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांतलं बोलणं मोजून बघितलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखाद सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात, नाहीतर स्वतःच सांगून टाकतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारीही बोलायला लागतात. मी निवृत्तीच्या आधी काही वर्षं हे वाचलं आणि मनात ‘एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल’ म्हणून थांबायला लागले. फार अवघड जातं. दुसऱ्या विठ्ठलालाच हुशार पोरं ‘मी सांगू? मी सांगू?’ करून अर्धी उभी राहतात. त्यांना हातानं खाली बसवायचं आणि तिसरा विठ्ठल म्हणायचा.

शेवटचं म्हणजे त्या सहा जणांना तुझ्यापेक्षा जास्त काय कळतं, ते शोध. कुणाला तरी म्हशीचं कळत असेल, कुणाला ट्रॅक्टरचं. माझ्याकडं एक मुलगा होता, वाचनात अडखळायचा, गणितात शून्य. जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांची, यात्रा तोंडावर आली तेव्हा मी वर्गाला सात नंदीध्वजांबद्दल, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांबद्दल, काहीतरी पुस्तकी सांगत होते. हा मागून म्हणाला, “तसं न्हाई बाई.” त्याचा काका काठी धरणारा. काठी कमरेच्या पट्ट्यात कशी बसवतात, तोल गेला तर आधी कोण धावतं, अडुसष्ट लिंगांना तेल घालायला मिरवणूक कुठून कशी जाते, सगळं त्यानं उभं राहून सांगितलं. मी खाली बसले, त्याच्याच जागेवर. शेवटच्या बाकावरून फळा किती लांब दिसतो, तेही तेव्हाच कळलं. पुढं तो पहिला आला वगैरे काही नाही. पण त्या वर्षी त्याचे ‘गै’ कमी झाले.

माझ्या भाच्याला वर्गात पट्टीनं मारतात आणि ‘तुझं डोकं रिकामं आहे’ म्हणतात. बहीण घाबरते, तक्रार केली तर पोरावर राग काढतील म्हणते. शाळेचं नाव छापू नये.
– एक मावशी

नाव छापत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मारायलाही बंदी आहे आणि असं बोलून मानसिक त्रास द्यायलाही. तोंडी तक्रार हवेत जाते. मुख्याध्यापकांना तारखेसह लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यातल्या एखाद्या आईला गाठा. तिथंही दाद लागली नाही तर शिक्षण विभागाकडं जा. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाईन रात्रंदिवस चालू असते. राग काढतील ही भीती खरी आहे, म्हणूनच एकटीनं जाऊ नका. त्याच वर्गातले आणखी दोन पालक मिळतातच, कारण मारणारा हात एकालाच मारत नाही.

मी मारलंय. खूप वर्षांपूर्वी, पाढे आले नाहीत म्हणून, एका मुलाच्या तळहातावर पट्टी. बाकीची मुलं हात मागं घ्यायची. यानं घेतला नाही, उलट दुसरा पुढं केला. त्याला सवय होती. पट्टी माझ्या हातात तशीच राहिली. भाच्याच्या कानावर आज एवढं पडू दे की आम्हाला कळलंय आणि तुझं डोकं रिकामं नाही. बहिणीनं सांगायला हवं, तुम्ही नाही.

बाई मी चौथीत आहे. माझी मैत्रीण शाळा सोडून पुण्याला गेली. आता मला शाळेत करमत नाही. डबा खायला कोणी नाही. मी ग्रंथालयात बसते पण ते कुलूप असते म्हणून पायरीवर बसते. मी काय करू. तुमची विद्यार्थिनी.
– विडी घरकुल (पत्र दुरेघी वहीच्या पानावर)

माझ्या बाळा, तुझं अक्षर सुंदर आहे. ‘ग्रंथालय’ बरोबर लिहिलंस, ते मोठ्यांचंही चुकतं.

मैत्रीण गेली की करमत नाही. मला तर अजूनही माझ्या चौथीतल्या मैत्रिणीची आठवण येते. तिच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असायची, आणि ती चटणी मला जास्त द्यायची. तिच्या आईचा फोन नंबर तुझ्या आईकडं असेल तर रविवारी बोलायला माग, किंवा तिला असंच एक पत्र लिही. तुला मला पत्र लिहिता आलं, तर तिलाही लिहिता येईल.

आता त्या पायरीचं. मधल्या सुट्टीत आणखी कोण एकटं बसतं ते उद्या बघ. एक तरी असतं. नळापाशी असेल, झाडाखाली असेल, पहिलीतलं असेल नाहीतर तुझ्याच वर्गातलं. त्याला किंवा तिला ‘माझी मैत्रीण हो’ असं म्हणू नकोस, अवघड वाटतं. ‘माझ्या डब्याचं झाकण उघडत नाही, धरतेस का?’ असं म्हण. झाकण उघडत असलं तरी म्हण. एवढं खोटं चालतं, बाईंनी सांगितलंय म्हणून सांग.

आणि ग्रंथालयाच्या कुलपाची किल्ली कुणाकडं असते, ते विचार. वर्गशिक्षिकेला सांग की मधल्या सुट्टीत मी पुस्तकं लावून देईन, धूळ पुसेन, वहीत नावं लिहीन, मला किल्ली द्याल का? तुझ्यासारखं अक्षर असणारी मुलगी त्यांना हवीच असेल. ‘नाही’ म्हणाल्या तर आठवड्यानं परत विचार. किल्ली मिळाली की कपाटात किती पुस्तकं आहेत ते मोजून मला कळव. मी वाट बघतेय.